साखरेच्या जागी गूळ घातला की खीर का फाटते, केक दडस का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “तीन महिन्यांपासून पांढरी साखर आणणं बंद केलंय. प्रत्येक कृतीत साखरेइतकाच गूळ घालते. शेवयांची खीर दोनदा फाटली. केक मध्ये ओला आणि दडस राहिला. नानकटाई ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटली. तिळाची चिक्की दातांना चिकटते. गूळ एकास एक घ्यायचा, की कमी-जास्त? आणि टेक्सासात राहणाऱ्या माझ्या बहिणीने गूळ नाही मिळाला तर काय वापरायचं?”

चारही पदार्थ बिघडायला कारण एकच आहे. तुम्ही गुळाला तपकिरी रंगाची साखर धरून चालला आहात. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. रसात जे जे होतं त्यातलं बरंचसं ढेपेत तसंच राहतं: थोडं पाणी, थोडी आंबट (म्हणजे आंबटपणा), क्षार, आणि साखरेशिवाय दुसऱ्या दोन गोड वस्तू. हे एकदा ध्यानात घेतलं की कुठल्या पदार्थात काय बदलायचं ते आपोआप सुचायला लागतं.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडायचा, खाली चुलवाणात चिपाडं ढकलली जायची. रस तापायला लागला की भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायचं, म्हणजे मळी वर यायची आणि ती झाऱ्याने काढून टाकायची. आंबट मारायला बेताचा चुना. मग रस आटत जायचा. साधारण १०५-१०६ अंशांवर उतरवला तर काकवी, ११६ ते ११८ अंशांवर उतरवला तर गूळ. पण काहिलीपाशी तापमापक कधीच नसायचा. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाण्यात बोटं बुडवून पाक उचलायचा, पाण्यातच त्याची गोळी वळायचा आणि “उतरवा” म्हणायचा. ती गोळी पुढे चिक्कीच्या वेळी आपल्याला लागणार आहे.

साखर कारखान्यात ह्याच रसातून साखरेचे दाणे वेगळे काढून घेतात आणि उरलेला काळा पाक बाजूला सारतात. म्हणून पांढऱ्या साखरेत ९९ टक्क्यांहून जास्त सुक्रोजच असतं, पाणी जवळपास नसतंच. गुऱ्हाळात मळीशिवाय काहीच वेगळं काढत नाहीत. बऱ्या गुळात सुक्रोज ७० ते ८५ टक्के, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून १० ते १५ टक्के, पाणी ३ पासून १० टक्क्यांपर्यंत, आणि बाकी क्षार वगैरे. हे आकडे ढेपेगणिक बदलतात. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला तर त्यातलं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, आणि त्याचा गूळ मऊ, चिकट, लवकर पाघळणारा होतो. साखरेची प्रत्येक पिशवी सारखीच वागते. गुळाची नवीन ढेप आणली की तिची ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

आधी खिरीचं पाहू, कारण तिचा उपाय सगळ्यांत सोपा आहे. ताज्या दुधाचा सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.७ च्या आसपास असतो. गुळाचं पाणी त्याहून आंबट असतं, आणि त्यात कॅल्शियमसारखे क्षारही असतात. थंड दूध फाटायला सामू ४.६ पर्यंत उतरावा लागतो, पण उकळतं दूध त्याच्या कितीतरी आधी दगा देतं. त्यात दूध सकाळचं असलं आणि खीर संध्याकाळी केली तर ते मुळातच थोडं आंबटलेलं असतं. म्हणून गूळ कधीही उकळत्या दुधात टाकायचा नाही. तो पाव वाटी पाण्यात विरघळवा, एक उकळी आणा, गाळून घ्या आणि कोमट होऊ द्या. शेवया दुधात पूर्ण शिजल्या की गॅस बंद करा. बोट घालून सोसेल इतकी खीर निवली की गुळाचं पाणी हळूहळू ओता आणि ढवळा. त्यानंतर ती पुन्हा उकळायची नाही. गरम हवी असेल तर पातेलं गरम पाण्यात ठेवा. खपली गव्हाच्या किंवा तांदळाच्या खिरीत धोका कमी, कारण शिजलेल्या पिठुळपणाने दूध थोडं सांभाळलं जातं. तरी क्रम हाच ठेवा. चिमूटभर सोडा घालून फाटणं टाळतात, ते चालतं, पण रंग मळकट होतो आणि मागे साबणासारखी चव राहते, म्हणून मी घालत नाही. गुळाच्या चहालाही हेच: गुळासकट चहाचं पाणी उकळायचं, दूध वेगळं तापवायचं, आणि दोन्ही कपात एकत्र करायचं. कोकणातल्या रस-शिरवाळ्यांत ही भानगड येत नाही, कारण नारळाच्या रसात दुधासारखी फाटणारी प्रथिनं नसतात. तो रस मात्र उकळला तर तेल सोडतो, म्हणून गूळ घालून नुसता कोमट करायचा.

आता केक. ह्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सांगलीत गेली एकोणीस वर्षं मी गुळाचेच केक आणि बिस्किटं करून विकते, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न ह्याचेच येतात.

लोणी आणि साखर फेसून जो केक सुरू होतो, त्यात साखर गोडीच्या बरोबरीने आणखी एक काम करते. तिचे कोरडे, टोकदार दाणे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे पकडतात, आणि ओव्हनमध्ये तेच बुडबुडे फुगून केक वर येतो. किसलेला गूळ ओलसर आणि मऊ. कितीही फेसला तरी त्याचा लोण्यात लगदा होतो, हवा धरली जात नाही. वर गुळातलं पाणी. तुम्ही वाटी वाटीला मोजली असेल तर आणखी एक घोटाळा होतो: गूळ हलक्या हाताने भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी ह्यांत सहज तिसऱ्या हिश्शाचा फरक पडतो. तुमचा केक मध्ये ओला आणि दडस राहिला तो असा.

म्हणून गुळासाठी तेल-दह्याचा केक निवडा, जिथे फुगवण्याचं काम फेसण्यावर नसून सोड्यावर असतं. गुळाची आंबट इथे कामाला येते, दह्याबरोबर तीही सोड्याला उठवते. माझं रोजचं प्रमाण सांगते. कणीक २०० ग्रॅम, गूळ १७० ग्रॅम, घट्ट गोडसर दही २०० ग्रॅम, वास नसलेलं तेल १०० मिली, पाणी ६० मिली, बेकिंग पावडर एक लहान चमचा, बेकिंग सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. ६० मिली पाणी गरम करून त्यात गूळ विरघळवा, उकळायचा नाही. गाळून घ्या, कारण वाळूचे कण आणि चिपाडाचे धागे चांगल्या गुळातही निघतात, आणि केकमध्ये दाताखाली आलेली कच माणूस विसरत नाही. पूर्ण निवल्यावर त्यात दही आणि तेल घालून एकजीव करा. कणीक, पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून एकत्र करा आणि ओल्या मिश्रणात दोन हप्त्यांत मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. कणकेत ताकद असते, ती घोटली तर केक चिवट होतो. सात इंची भांडं, १७० अंश, ४० ते ४५ मिनिटं.

तापमान मुद्दाम १८० ऐवजी १७० सांगितलंय. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साखरेच्या आधी तांबूस होतात, म्हणून गुळाचा केक वरून लवकर रंगतो आणि आत कच्चा असतो. रंग बघून केक काढू नका, मध्यभागी सुई घालून बघा. अर्ध्या तासाने वरचा रंग पुरे वाटला तर भांड्यावर फॉइल सैलसर टाका. हा केक त्या दिवशी खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. फ्रुक्टोज हवेतली ओल धरून ठेवतं, त्याने तो तीन दिवस मऊ राहतो. साखरेचा केक तोवर कोरडा झालेला असतो.

तुमच्या हातातलीच एखादी साखरेची कृती बदलायची असेल, तर गूळ वजनाने एकास एक घ्या. गोडी किंचित कमी लागेल. ती खटकली तर शंभराला दहा ग्रॅम वाढवा, त्याहून जास्त नको. दर २०० ग्रॅम गुळामागे दूध किंवा पाणी एक मोठा चमचा कमी करा, गूळ हाताला चिकटत असेल तर दीड. कृतीत फक्त बेकिंग पावडर असेल तर वर चिमूटभर सोडा घाला. ओव्हन दहा-पंधरा अंश खाली.

धंदा सुरू केला त्या पहिल्याच श्रावणात एका कार्यक्रमाचे चोवीस केक माझ्याकडून मध्ये बसले होते. प्रमाण नेहमीचंच होतं, पण दुकानातून आलेली ढेप पावसाळी हवेत पाणी सुटलेली होती, आणि मी ती तशीच तोलून घातली. चोवीसही केक पुन्हा केले. तेव्हापासून पावसाळ्यात मी गूळ किसून ताटात पसरते, ५०-६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवते, निवला की मिक्सरमधून काढून चाळते, आणि मगच तोलते. तुम्ही प्रश्न जुलैत विचारताय, म्हणून हे विशेष सांगते.

अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, मॅकरॉन, पांढरं आयसिंग ह्यांत गूळ घालण्याच्या फंदात पडू नका. तिथे साखरेचा कोरडेपणा आणि शुद्धपणाच लागतो. पावाच्या कणकेत मात्र गूळ छान जमतो. अर्धा किलो पिठाला २५ ते ४० ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून, गाळून घाला. यीस्टला तो आवडतो, फक्त वरचा पापुद्रा लवकर तांबूस होतो तिकडे लक्ष ठेवा.

नानकटाई पसरली तीही पाण्यामुळेच. तिला वर सांगितल्यासारखी वाळवून चाळलेली गुळाची पूडच हवी, किसलेला गूळ चालत नाही. त्यातली न फुटलेली गुठळी ओव्हनमध्ये वितळून काळा, काचेसारखा ठिपका होते आणि कडू लागते. तूप थिजलेलं घ्या, वितळवलेलं नको. पिठाचा चौथा हिस्सा बेसन ठेवा. गोळे वळून ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये, मग १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. काढताना त्या मऊच असतात, हात लावू नका, निवताना घट्ट होतात. पूर्ण निवल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ज्या गुणाने केक मऊ राहिला त्याच गुणाने नानकटाई सादळते.

चिक्कीत दोन गोष्टी बघाव्या लागतात, गूळ आणि पाक. दुकानात “चिक्कीचा गूळ” म्हणून मागाल तर पिवळसर, कडक गूळ मिळतो, तोच घ्या. गुळाच्या पोळीला मात्र तो चुकूनही नको, पोळीतलं सारण निवल्यावर दगड होतं. तिथे साधा मऊ, बारीक किसता येणारा गूळ हवा. पाव किलो तिळाला पाव किलो गूळ, जाड बुडाची कढई, एक चमचा तूप, गूळ वितळेपुरतं चमचाभर पाणी, आणि आच मंद. घाई केली तर पाक आत कच्चा राहतो आणि कडेने जळतो, कारण साखरेच्या मानाने गुळाचा पाक फार लवकर करपतो.

आता ती गुळव्याची गोळी. वाटीत थंड पाणी घेऊन बसा आणि पाकाचा थेंब त्यात सोडत राहा. आधी थेंब पसरतो. मग बोटांनी मऊ गोळी वळता येते, साधारण ११५ अंशांच्या आसपास. ही मऊ वड्यांची आणि मऊ लाडवांची वेळ, गूळ काहिलीतून ढेपेत जातो तोही इथेच. पुढे गोळी कडक होते, वाटीवर टाकली तर वाजते, पण दाताखाली अजून चिवट असते. तुम्ही इथे थांबताय. अजून पुढे जायचं. थेंब पाण्यातून काढून मोडला की काचेसारखा “टक्” तुटला पाहिजे, चावला तर दाताला चिकटता कामा नये. तापमापक असेल तर १४५ ते १५० अंश. कडक गोळीपासून इथवर यायला मंद आचेवर काही मिनिटंच लागतात, पण फोन घ्यायला गेलात तर पाक कडू होतो. थेंब तुटला की गॅस बंद, चिमूटभर सोडा, भरभर ढवळा. गुळातल्या आंबटीमुळे पाक फसफसतो, रंग सोनेरी होतो, आणि आत अडकलेल्या बारीक बुडबुड्यांनी चिक्की खुसखुशीत होते. भाजलेले गरम तीळ लगेच घालून तूप लावलेल्या पोळपाटावर लाटा. तीळ गार असतील तर पाक लाटायच्या आतच आवळतो. सगळं नीट करूनही चिक्की चिकटलीच तर समजा की गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त आहे. त्या ढेपेच्या वड्या करा, चिक्कीच्या मागे लागू नका. मोदकाच्या सारणातही हेच भान ठेवायचं. खोबरं-गूळ ओलसर असतानाच उतरवा, कारण निवल्यावर ते आणखी आवळतं.

तुम्ही विचारलं नाही, पण साखर सोडली आहे म्हणून डाळींचंही सांगते. गूळ नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावर घालायचा. आंबट आणि कॅल्शियम दोन्हींमुळे डाळ मऊ व्हायची थांबते. हरभऱ्याची डाळ एकदा गुळात अर्धीकच्ची सापडली की तिला कितीही शिट्ट्या द्या, पुरण कणीदारच राहतं. आमटीतही आमसूल आणि गूळ शेवटी.

गूळ निवडताना नुसता रंग बघू नका. गर्द तपकिरी म्हणजे चांगला आणि पिवळा म्हणजे वाईट, असा सरळ हिशेब नाही. ऊस, जमीन, मळी किती काढली, पाक किती तापला, ह्या सगळ्यांनी रंग बदलतो. पण अगदी फिकट, लिंबासारखा पिवळा गूळ दिसला तर मी घेत नाही, कारण तो रंग आणायला हायड्रोस नावाची पावडर घातलेली असू शकते. तुकडा मोडून बघा. आत बारीक कणी चमकली पाहिजे. मग जिभेवर ठेवा. खारट लागला तर ऊस खारवट जमिनीतला, तो खिरीला आणि केकला नको, आमटीला चालेल. आंबूस वास आला तर परत करा. कोमट पाण्यात विरघळवून पाच मिनिटं ठेवा, तळाशी काय बसतं ते दिसेल. आमच्या भागात को ९२००५ ह्या वाणाच्या उसाचा गूळ चांगला उतरतो असा अनुभव आहे, पण दुकानात ऊस विचारून कोणी सांगत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक गूळ तिथलाच असेल असं नाही, म्हणून जिभेची परीक्षा सोडू नका. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघतात. जानेवारीच्या सुमारास भर हंगामातला गूळ येतो, वर्षाचा साठा तेव्हा करावा.

तुमच्या बहिणीचं काम सोपं आहे. टेक्सासात मेक्सिकन दुकानं भरपूर, तिथे पिलोन्सिलो नावाचे शंकूसारखे खडे मिळतात. तो उसाचा गूळच. कोलंबियातला तोच पदार्थ पानेला म्हणून मिळतो. वर लिहिलेलं सगळं त्याला जसंच्या तसं लागू आहे, फक्त तो फार कडक असतो, किसण्यापेक्षा पाण्यात विरघळवणं सोपं. मस्कोव्हाडो साखर ओलसर आणि थोडी आंबट असते, केकला ती गुळाच्या जवळ जाते. डेमेरारा जाड दाण्याची असते, ती केकवर भुरभुरायला ठीक. ‘ब्राऊन शुगर’ लिहिलेली पिशवी बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेला काळा पाक चोळून केलेली असते. केक तिच्यात चांगला होतो, पण ती गूळ नव्हे. आणि गोव्याकडून कोणी माडाचा काळा गूळ आणून दिला तर तो दोदोल ह्या गोव्याच्या मिठाईसाठी ठेवावा. तो नारळाच्या झाडाचा, त्याची चव आणि वागणं दोन्ही वेगळी.

काकवी मिळाली तर तीही वापरून बघा. तिच्यात जवळपास तिसरा हिस्सा पाणी असतं, म्हणून १५० ग्रॅम काकवी घातली तर कृतीतलं पाणी ५० मिली कमी करायचं. आल्याच्या केकमध्ये तिच्याइतकी चव दुसऱ्या कशालाच येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात कोणाला मधुमेह असेल आणि म्हणून साखर बंद केली असेल, तर गूळ हा त्याला पर्याय नाही. रक्तातली साखर तोही वाढवतो, आणि उष्मांक जवळपास तितकेच. मी गूळ वापरते तो चवीसाठी, आणि ती चव माझ्या घराची आहे म्हणून.

तुमच्याकडचा गूळ आत्ता चिकटत असणार. आज किसून वाळवा, काचेच्या बरणीत भरा, वर घट्ट झाकण. ढेपेचा जो भाग पारच पाघळलाय तो फेकू नका. थोडं पाणी घालून उकळा, गाळा आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. घावनाबरोबर, धिरड्याबरोबर आणि चहाला तो आठवडाभर कामी येईल. रविवारी आधी खीर करा, तीत लगेच फरक दिसेल. केक त्यानंतर, बरणीतली पूड तोलून.